चहा-कॉफी बंद केली आणि अंगदुखी वाढली: मग कॅफीन कारण की औषध?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वय ४२. दोन वर्षांपासून मान, खांदे, कंबर, गुडघे आणि हाताची बोटं दुखतात. एक्स-रे आणि रक्ताच्या तपासण्यांत "काही निघालं नाही". दिवसाला चार मग कॉफी आणि दोन कप चहा होतो, त्यातली शेवटची कॉफी रात्री आठला. कॅफीनमुळे सांध्यांना सूज येते असं कुणीतरी सांगितलं, म्हणून तुम्ही एका दिवसात सगळं बंद केलंत. दुसऱ्या दिवशी डोकं ठणकायला लागलं, पाठ आणि मांड्या नेहमीपेक्षा जास्त दुखल्या, अंगात कणकण वाटली. तिसऱ्या दिवशी राहवलं नाही म्हणून एक मग कॉफी घेतलीत आणि तासाभरात सगळं हलकं झालं. आता तुम्ही विचारताय, कॉफी हे माझ्या दुखण्याचं मूळ आहे की त्यावरचं औषध, आणि सोडू की नको?

त्या तीन दिवसांवरून यातलं काहीच ठरवता येत नाही, हे आधी सांगते. तुम्हाला झालेला त्रास खरा होता. तो मनाचा खेळ अजिबात नव्हता. पण तो कॅफीन अचानक तुटल्याचा त्रास होता आणि तुमच्या दोन वर्षांच्या दुखण्यावर तो येऊन बसला, त्यामुळे दोन्ही एकच वाटले. तुमच्या लिहिण्यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय: "झोप लागते, पण सकाळी उठते तेव्हा रात्रीपेक्षा जास्त थकलेली असते." माझ्या दृष्टीने खरा प्रश्न तिथे आहे. कॅफीन तुमच्या सांध्यांचं काय करतं यापेक्षा ते तुमच्या झोपेचं काय करतं हे आधी बघायला हवं.

मी अनेक वर्षं जुनाट स्नायू-सांधेदुखीच्या रुग्णांवर उपचार करते आहे. चहा-कॉफीबद्दल प्रत्येकाला विचारते, पण माझा पहिला प्रश्न "किती?" हा नसतो. "दिवसातला शेवटचा कप किती वाजता?" हा असतो.

कारण समजून घ्या. आपण जागे असतो तोवर मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. ते पेशींवरच्या ठरावीक जागी चिकटलं की झोपेची ओढ वाढते. कॅफीनची घडण त्याच्याशी मिळतीजुळती असते, त्यामुळे कॅफीन त्याच जागा अडवतं, रुमाल टाकून खुर्ची अडवावी तशा. अ‍ॅडेनोसिन साठत राहतं, फक्त त्याला बसायला जागा मिळत नाही. थकवा कमी झालेला नसतो, तो जाणवत नसतो इतकंच. रोज कॅफीन घेणाऱ्याचं शरीर या अडथळ्याशी जुळवून घेतं. मग कॅफीन एकदम बंद केलं की अ‍ॅडेनोसिनचा परिणाम एरवीपेक्षा जास्त जोराने होतो, मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि डोकं ठणकतं.

हा त्रास साधारण शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत सुरू होतो, एक-दोन दिवसांनी कळसाला पोचतो आणि दोन ते नऊ दिवस टिकू शकतो. डोकेदुखी, मरगळ, चिडचिड, लक्ष न लागणं ही त्याची ओळखीची लक्षणं. मात्र फ्लू झाल्यासारखी अंगदुखी आणि स्नायू आखडणं हेही त्याच यादीत आहे, आणि हे फार जणांना माहीत नसतं. दिवसाला १०० मिलिग्रॅम, म्हणजे साधारण एक मग फिल्टर कॉफी, इतकी सवय असली तरी हे होऊ शकतं. २०१३ साली मानसिक आजारांच्या अमेरिकन वर्गीकरणाच्या पाचव्या आवृत्तीत याला स्वतंत्र निदान म्हणून जागा मिळाली. तुम्ही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, म्हणजे नेमकं त्रास सर्वाधिक असताना, हिशेब मांडलात. त्या वेळी कुणालाही हेच वाटलं असतं.

मग एका मगने बरं का वाटलं? मुख्य कारण हेच की तुटलेलं परत मिळालं. पण कॅफीनला स्वतःचा थोडा वेदनाशामक गुणही आहे, हे मान्य करायला हवं. पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनबरोबर १०० मिलिग्रॅम किंवा जास्त कॅफीन दिलं, तर चांगला आराम पडणाऱ्यांचं प्रमाण ५ ते १० टक्क्यांनी वाढतं, असा उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१४ च्या आढाव्याचा निष्कर्ष आहे. जॉर्जिया विद्यापीठातल्या २००७ च्या एका छोट्या अभ्यासात, व्यायामाची सवय नसलेल्या तरुणींना जोरकस व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी होणारी मांडीची दुखी कॅफीनने कमी झाली होती. फरक एवढाच, की ही सगळी ताजी दुखणी आहेत: काढलेली दाढ, डोकेदुखी, कालचा व्यायाम. दोन वर्षं रोज सहा कप घेऊनही तुमचं दुखणं जागच्या जागी आहे. हे औषध असतं, तर इतक्या मात्रेला त्याने आतापर्यंत काहीतरी गुण दाखवला असता.

आता झोपेकडे येते.

झोप बिघडली की दुखणं वाढतं, याचा पुरावा जुना आहे. १९७५ साली टोरांटोमध्ये हार्वी मोल्डोफ्स्की आणि सहकाऱ्यांनी निरोगी तरुणांना झोपेच्या सर्वांत गाढ टप्प्यातून दर वेळी आवाज करून थोडं वर आणलं, पूर्ण जागं न करता. काही रात्रींतच त्या धडधाकट मुलांचे स्नायू दाबल्यावर दुखू लागले, अंग दुखू लागलं. ज्यांची स्वप्नांची झोप मोडली होती त्यांना असं झालं नाही. त्यानंतरच्या अनेक अभ्यासांनी हे नातं दोन्ही बाजूंनी चालतं हे दाखवलं: दुखण्यामुळे झोप मोडते आणि मोडलेल्या झोपेमुळे दुखणं वाढतं. त्यातही रात्रीच्या झोपेवरून दुसऱ्या दिवसाच्या दुखण्याचा अंदाज जास्त भरवशाने बांधता येतो, उलट बाजूने तितका येत नाही.

आणि कॅफीन गाढ झोपच कमी करतं. "मला कॉफी पिऊनही लगेच झोप लागते" हे मी दररोज ऐकते आणि ते खरंही असतं. झोप लागणं आणि झोप गाढ असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात झोपण्याच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफीनने झोप तासाभराहून जास्त कमी झाली होती, आणि सहभागी लोकांना स्वतःला ती घट नीट जाणवलीही नव्हती. म्हणून "माझी झोप ठीक आहे" या वाक्यावर मी थांबत नाही. रात्री किती वेळा जाग येते, लघवीला उठावं लागतं का, सकाळी ताजंतवानं वाटतं का, हे विचारते.

कॅफीन शरीरातून निम्मं व्हायला सरासरी पाच तास लागतात. तुमच्या रात्री आठच्या कॉफीतलं निम्मं कॅफीन रात्री एक वाजता अजून रक्तात असतं. पण ही सरासरी आहे, आणि इथे माणसामाणसांत फार फरक पडतो: कुणाला दोन तास पुरतात, तर कुणाला नऊ लागतात. कॅफीनचा निचरा यकृतातलं एक एन्झाइम करतं आणि त्याचा वेग जन्मजात वेगवेगळा असतो. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये निचरा जवळपास दुप्पट वेगाने होतो. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांमध्ये तो निम्म्यावर येतो, आणि गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत कॅफीन निम्मं व्हायला १५ तासही लागू शकतात. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखं प्रतिजैविक किंवा फ्लुवॉक्सामिनसारखं नैराश्यावरचं औषध चालू असेल तर नेहमीचाच कप जड जातो. तुम्ही गर्भनिरोधक गोळ्या घेता का ते लिहिलेलं नाही. घेत असाल तर पुढे मी सांगते त्या वेळा आणखी दोन तास अलीकडे ओढा.

एक गोष्ट कागदावर कुठे सापडत नाही, पण दवाखान्यात रोज दिसते. थकलेला माणूस कॉफी घेतो, बरं वाटतं, आणि शरीराला झेपेल त्यापेक्षा जास्त काम उरकतो. थांबायला सांगणारी थकव्याची जाणीव तेवढी दबलेली असते. दुसऱ्या दिवशी खांदे-कंबर धरते, मग उभं राहायला आणखी कॉफी लागते. अशा रुग्णांना वाटतं कॉफीशिवाय दुखणं सहनच होणार नाही. त्यातल्या काहींचा दुखण्याचा चढउतार नुसती दुपारची कॉफी काढल्यावर आणि कामाच्या मध्ये दहा-दहा मिनिटं टेकायला सुरुवात केल्यावर सपाट झालेला मी पाहिला आहे. भरपूर कॅफीनने काही जणांचे खांदे आणि जबडा दिवसभर आवळलेले राहतात, हेही आहे. झोपेत दात खाण्याची सवय असेल तर सकाळची मानदुखी आणि कानशिलं दुखणं तिथूनही येऊ शकतं.

"कॅफीनमुळे सांध्यांना सूज येते" या दाव्याला मात्र मी होकार देणार नाही. कॉफी पिणाऱ्यांना गाउटचा (रक्तात युरिक अ‍ॅसिड वाढून होणाऱ्या सांधेदुखीचा) धोका कमी असल्याचं मोठ्या अभ्यासांत दिसलं आहे. कॅफीन काढलेल्या कॉफीनेही तो काहीसा कमी दिसतो आणि चहाने दिसत नाही, म्हणजे तो गुण कॉफीतल्या इतर घटकांचा असावा. आमवाताबाबत, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांना सुजवते त्या संधिवाताबाबत, अभ्यासांचे निष्कर्ष उलटसुलट आहेत, त्यावरून कुणाचा कप हिसकावून घेणं योग्य नाही. हाडांतलं कॅल्शियम झिजतं ही भीतीही प्रमाणाबाहेरची आहे. एका कपामागे लघवीतून जाणारं जादा कॅल्शियम दोन-तीन मिलिग्रॅम असतं. आहारात कॅल्शियम पुरेसं असेल तर एक-दोन घोट दुधाने ते भरून निघतं.

त्यापेक्षा मला औषधांच्या वेळांची जास्त काळजी वाटते. थायरॉइडची गोळी कॉफीबरोबर किंवा लगेच आधी-नंतर घेतली तर नीट शोषली जात नाही, आणि थायरॉइड कमी पडला की स्नायू दुखतात, जड होतात. गोळी पाण्याबरोबर घ्यायची आणि कॉफीला निदान अर्धा-पाऊण तास थांबायचं. हाडांच्या ठिसूळपणासाठी दिलं जाणारं अलेंड्रोनेट कॉफीबरोबर घेतलं तर त्याचं शोषण सुमारे ६० टक्क्यांनी घटतं, ते फक्त साध्या पाण्याबरोबरच. चहा-कॉफी जेवणासोबत घेतली तर त्यातल्या पॉलिफेनॉल या तुरट घटकांमुळे शाकाहारी जेवणातलं लोह कमी शोषलं जातं. लोह कमी असेल तर थकवा येतो आणि रात्री पाय सतत हलवावेसे वाटतात, त्यातून पुन्हा झोप मोडते. म्हणून जेवण आणि चहात तासाभराचं अंतर ठेवा. डोकेदुखीसाठी काही गोळी घेत असाल तर तिच्या पाकिटावरचे घटक वाचा. अशा बऱ्याच गोळ्यांत ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असतं, आणि अशा मिश्र गोळ्या महिन्यात दहा किंवा अधिक दिवस घेतल्या तर त्यांच्यामुळेच डोकेदुखी रोजची होऊन बसते. जुन्या दुखण्यासाठी रात्री अमिट्रिप्टिलिन दिलेलं असेल तर संध्याकाळची कॉफी मी बंद करायला सांगते. एकाने झोप द्यायची आणि दुसऱ्याने घालवायची, यात अर्थ नाही. शिवाय प्राण्यांवरच्या प्रयोगांत कॅफीनने त्या औषधाचा वेदनाशामक परिणाम कमी झालेला दिसला आहे.

आतापर्यंतचं थोडक्यात: तीन दिवसांत वाढलेलं दुखणं कॅफीन तुटल्याचं होतं. कॅफीन सांध्यांवर थेट हल्ला करत नाही. पण तुमच्या वेळा आणि तुमची सकाळ बघता ते तुमची गाढ झोप खात असण्याची दाट शक्यता आहे, आणि तो मार्ग दुखण्यापर्यंत जातो. हे तुमच्या बाबतीत खरं आहे का, ते तपासून बघता येतं. फक्त नीट, सावकाश तपासायला हवं.

आधी मोजा. एका मग फिल्टर कॉफीत साधारण ९५ मिलिग्रॅम धरा, इन्स्टंट असेल तर ६०, एक कप चहात ४० ते ५०. तुमचा दिवस फिल्टर कॉफीच्या हिशेबाने पावणेपाचशेच्या आसपास जातो. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० आणि गरोदरपणात २०० मिलिग्रॅमपर्यंतचं प्रमाण सुरक्षित मानलं आहे. म्हणजे तुम्ही घाबरण्याइतक्या पुढे गेलेल्या नाही, पण प्रमाण जास्त आहे हे नक्की.

पहिला आठवडा काहीही बदलू नका, फक्त लिहा. सकाळी उठल्यावर दुखणं शून्य ते दहामध्ये किती, अंग मोकळं व्हायला किती मिनिटं लागली, रात्री किती वेळा जाग आली, दिवसात वेदनाशामक गोळ्या किती आणि शेवटचं कॅफीन किती वाजता. पाच आकडे, एक ओळ, बस्स. लांबलचक डायरी कुणी टिकवत नाही.

मग दोन आठवडे फक्त घड्याळ बदला. दुपारी दोननंतर कॅफीन नाही. रात्री आठचा मग हवासा वाटला तर त्यात कॅफीन काढलेली कॉफी घाला. सवयीचा वास, चव आणि गरम मग हातात असणं याचंही समाधान असतं आणि ते हिरावून घ्यायचं काही कारण नाही. सकाळचे कप या काळात तसेच राहू द्या. माझ्या अनुभवात ज्यांना फरक पडायचा असतो त्यातल्या बऱ्याच जणांना तो या टप्प्यातच दिसायला लागतो, आणि पुढे फार ताणावं लागत नाही.

त्यानंतर दर चार-पाच दिवसांनी एक-एक कप कमी करा, सकाळच्या दोन कपांवर येईपर्यंत. घरी कुणी कॉफी करून देत असेल तर अजून चांगला मार्ग आहे: नेहमीच्या कॉफीत कॅफीन काढलेली कॉफी थोडी-थोडी मिसळायला सांगा आणि कोणत्या दिवसापासून हे तुम्हाला सांगू नका म्हणावं. आपल्या अपेक्षेचा दुखण्यावर मोठा परिणाम होतो, त्यामुळे तुम्हाला ठाऊक नसताना मिळालेले आकडे जास्त विश्वासाचे. कमी करताना डोकं दुखलं तर मागच्या पायरीवर दोन दिवस थांबा आणि भरपूर पाणी प्या. दोन कपांवर पोचल्यावर तीन आठवडे तिथेच राहा. खरा निकाल या तीन आठवड्यांचा. त्या काळात नवा व्यायाम, नवी गोळी, नवा आहार असं काही सुरू करू नका, नाहीतर कशाने काय झालं हे कळणारच नाही.

शेवटी, जमत असेल तर एक आठवडा जुन्या वेळांवर परत जाऊन बघा. सुधारलेलं दुखणं पुन्हा बिघडलं तर उत्तर तुमच्या हातात आलं. हा उलटा फेरा लोकांना नको असतो, बरं वाटायला लागल्यावर कुणाला परत जायचं असतं? पण आयुष्यभर एखादी आवडती गोष्ट कमी करायची तर ती विनाकारण करत नाही ना, हे कळायला हवं असं मला मनापासून वाटतं.

काहीच फरक पडला नाही तर कॉफीला दोष देणं थांबवा, सकाळचे दोन-तीन कप आनंदाने घ्या आणि शोध दुसरीकडे न्या. तो शोध तुम्ही या प्रयोगासोबतच सुरू करावा असं मी सांगेन, कारण "तपासण्यांत काही निघालं नाही" यावर माझं समाधान झालेलं नाही. कोणत्या तपासण्या झाल्या? थायरॉइड, ड जीवनसत्त्व, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि सीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) त्यात होतं का? कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन चालू आहे का? घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं घरच्यांच्या लक्षात आलंय का? तसं असेल तर कॉफी कितीही कमी केली तरी सकाळ ताजी होणार नाही. सगळं खरोखर नॉर्मल असेल, दुखणं अंगभर असेल आणि झोपेने थकवा जात नसेल, तर फायब्रोमायल्जिया या जुनाट वेदनेच्या आजाराचा विचार व्हायला हवा. त्याचं निदान लक्षणांवरूनच होतं, रक्ताच्या तपासणीत ते दिसत नाही. आणि त्यात हळूहळू वाढवत नेलेल्या नियमित व्यायामाइतका भक्कम पुरावा दुसऱ्या कोणत्याही उपायाला नाही.

काही लक्षणं असतील तर मात्र हे सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना भेटा: बोटांचे किंवा इतर सांधे डोळ्यांना दिसतील इतके सुजणं किंवा गरम लागणं, सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकणं, ताप, कारण नसताना वजन उतरणं, खुर्चीतून उठताना किंवा हात डोक्यावर नेताना ताकद कमी पडणं, हातापायात बधिरपणा. तुम्ही बोटं दुखतात असं लिहिलंय, सुजतात का ते लिहिलेलं नाही. उद्या सकाळी उठल्या उठल्या दोन्ही हातांच्या मुठी वळून बघा, पेरांवर सूज आहे का आणि मूठ पूर्ण मिटायला किती वेळ लागतो. अर्ध्या तासाच्या वर लागत असेल तर कॉफीचा प्रयोग नंतर, संधिवाततज्ज्ञांची वेळ आधी घ्या.